न घडलेल्या संयोगाचे भय : स्मृतिशृंखला आणि आपले हेतुपरीक्षण

निदानपंचकात हेतूला अग्रस्थान आहे. रुग्ण समोर बसला की आहार, विहार, ऋतू, मानस भाव अशा क्रमाने आपण विचारणा करतो आणि रोगाशी ज्याचा साक्षात संयोग घडला ते द्रव्य किंवा तो प्रसंग हाती लागला, की हेतुपरीक्षण पूर्ण झाले असे समजून संप्राप्तीकडे वळतो. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत एवढे पुरेसे होते. परंतु काही रुग्ण असे येतात की ज्या वस्तूच्या सान्निध्यात त्यांची लक्षणे उसळतात, त्या वस्तूने त्यांचे कधीच काहीही बिघडविलेले नसते. आघाताच्या वेळी ती वस्तू तेथे नव्हतीच. आघाताच्या वेळी जी दुसरी वस्तू उपस्थित होती, तिच्याशी मात्र पूर्वी किंवा नंतर केव्हातरी हिचा सहवास झालेला असतो. मधले अंतर मेंदू आपणहून ओलांडतो. आपण मात्र हेतूची एकच पायरी उतरून थांबतो, तेथे काही सापडत नाही, आणि मग रुग्णपत्रकावर ‘मानसिक’ असा एकशब्दी शेरा उमटतो. या शेऱ्याने रुग्णाचा काहीच लाभ होत नाही.

आधुनिक मानसशास्त्रात या घटनेला उच्चस्तरीय अभिसंधान म्हणतात. तिचा पहिला पद्धतशीर अभ्यास पावलॉव्ह या रशियन शरीरक्रियावैज्ञानिकाच्या प्रयोगशाळेत झाला. पावलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते मनाच्या अभ्यासाबद्दल नव्हे, पचनक्रियेवरील कार्याबद्दल. अग्नीचा विचार करणाऱ्या आपल्या वर्गाला हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. मेट्रोनोमच्या ठोक्यांनंतर कुत्र्याला अन्न दिले जाई; काही आवृत्त्यांनंतर नुसत्या ठोक्यांनी लालास्राव होऊ लागला. येथवरचा भाग आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेला आहे. पुढचा भाग सहसा वाचला जात नाही. त्याच कुत्र्याला नंतर एक काळा चौकोन दाखवून पाठोपाठ ठोके ऐकविण्यात आले. अन्न मुळीच दिले नाही. काही आवृत्त्यांनंतर काळा चौकोन दिसताच लाळ सुटू लागली, प्रमाणाने कमी, पण निश्चितपणे. चौकोन आणि अन्न यांची गाठ एकदाही पडलेली नव्हती. अन्नाच्या प्रयोगात ही साखळी दुसऱ्या कडीच्या पुढे गेली नाही. वेदनादायक विजेच्या धक्क्याचा उपयोग केला तेव्हा मात्र ती तिसऱ्या कडीपर्यंत पोहोचली. भूक आणि भय यांतील हा भेद चिकित्सकाने मनात ठेवावा.

१९३९ साली ब्रॉग्डेन यांनी अमेरिकेत याची उलट बाजू दाखविली. त्यांनी कुत्र्यांना घंटा आणि दिवा यांचा एकत्रित अनुभव २०० वेळा दिला. त्यात सुख नव्हते, दुःखही नव्हते; कुत्र्यांच्या वर्तनात काहीही बदल दिसला नाही. नंतर त्या दोहोंपैकी एकाच चेतकाला पायावरील विजेच्या धक्क्याची जोड दिली. कुत्रा त्या चेतकाला पाय उचलू लागला हे ओघानेच आले; पण ज्या चेतकाबरोबर धक्का कधीच बसला नव्हता, त्यालाही तो पाय उचलू लागला. म्हणजे निरुपद्रवी काळातील साधा सहवाससुद्धा मेंदूने जपून ठेवलेला होता आणि पुढे दुःख उपजले तेव्हा ते त्या जुन्या वाटेने मागे पसरले.

अशा प्रकारे साखळीचे दोन प्रकार झाले. एकात दुसरी कडी आघातानंतर जोडली जाते, दुसऱ्यात ती आघातापूर्वीच जोडलेली असते. हा भेद केवळ प्रयोगशाळेतला नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील चिकित्सकाच्या उपयोगाची गोष्ट नेमकी हीच आहे. १९७२ साली रिझली आणि रेस्कोर्ला यांनी उंदरांमधील भीतीवर प्रयोग केले. पहिल्या कडीची भीती, म्हणजे धक्क्याशी थेट जोडलेल्या चेतकाची भीती, त्यांनी तो चेतक धक्क्याविना पुनःपुन्हा देऊन नाहीशी केली. आघातानंतर जोडलेली दुसरी कडी मात्र त्याने सैल झाली नाही. मूळ भीती गेली तरी तिच्यापासून उत्पन्न झालेली भीती स्वतंत्रपणे उभी राहिली. याउलट आघातापूर्वी जोडलेल्या साखळीत पहिल्या कडीची भीती शमविताच दुसरीचीही ओसरली. पहिल्या प्रकारात दुसरी वस्तू जणू भयाशीच थेट बांधली जाते आणि मध्यस्थाची तिला गरज उरत नाही. दुसऱ्या प्रकारात ती मध्यस्थाच्या आधारेच उभी असते.

मेंदूत या दोन वाटा वेगळ्या असल्याचे पुरावेही पुढे मिळत गेले. कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागात विशिष्ट ग्राही रोधले, तर उंदरांमध्ये भीतीची दुसरी कडी तयारच होत नाही, असे ग्युइर्ट्झ आणि डेव्हिस यांनी १९९७ साली दाखविले. साध्या सहवासाची नोंद ठेवण्यात हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्राचा, तर त्या नोंदीवरून अनुमान बांधण्यात डोळ्यांच्या खोबणीवरील अग्रमस्तिष्काचा वाटा आढळला. २०१२ साली विमर आणि शोहामी यांनी माणसांवर अभ्यास केला, त्यात एखाद्या चित्राला बक्षीस मिळाले की त्याच्याशी पूर्वी जोडलेले, स्वतः कधीही बक्षीस न मिळालेले चित्रही लोकांना अधिक पसंत पडू लागते आणि त्यामागे हिप्पोकॅम्पसची क्रिया असते असे दिसून आले. अर्थात उंदरावरील निष्कर्ष माणसाला सरसकट लावता येत नाहीत, हे सुज्ञ वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. येथे एक मोह आवरला पाहिजे. पश्चिमेकडून काही नवे आले की ‘हे तर चरकाचार्यांनी पूर्वीच सांगितले आहे’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. आपल्या परिषदांमधून ती वारंवार ऐकू येते. मला ती मान्य नाही. शारीरस्थानाच्या प्रथमाध्यायात स्मृतीची आठ कारणे आली आहेत. निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत ही ती होत. न्यायसूत्रांत स्मृतिहेतूंची यादी आणखी लांब आहे, आणि तीत आनंतर्य, म्हणजे एकापाठोपाठ एक येणे, हेही गणलेले आहे. पण या सर्व याद्या एका पायरीच्या आहेत. एक वस्तू दुसरीची आठवण देते, एवढेच तेथे आहे. जिच्याशी संयोगच झाला नाही तिचे भय कसे उपजते, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. तो तेथे आहे असे म्हणणे हा ग्रंथाचा गौरव नव्हे.

जे आहे ते मात्र विलक्षण आहे, कारण ते रुग्णशय्येजवळ बसून पाहिलेले आहे. चिकित्सास्थानातील ज्वराध्यायात ज्वराची वेळ आणि वेग यांचे चिंतन करून करून ज्याला ज्वर येतो अशा रुग्णाचा उल्लेख आहे, आणि त्याच्यासाठी सांगितलेला उपाय कषाय नाही, घृत नाही. प्रिय व विविध विषयांच्या योगे ती स्मृतीच नष्ट करावी असा तो आहे. छर्दीच्या प्रकारांत द्विष्टार्थसंयोगज हा स्वतंत्र प्रकार मानला आहे, आणि तेथे रुग्णाला जे गंध, रस, स्पर्श प्रिय असतील ते असात्म्य असले तरी द्यावेत इतकी मोकळीक दिली आहे. विषचिकित्सेच्या तेविसाव्या अध्यायातील शंकाविष तर सर्वपरिचित आहे. अंधारात काहीतरी टोचले, विषाची शंका आली, आणि विष नसताना ज्वर, छर्दी, मूर्च्छा, दाह उत्पन्न झाले. त्यावर शर्करा, द्राक्षा, मधुक, मधु आणि त्यांच्या जोडीला सांत्वन व हर्षण. (खऱ्या दंशाची शक्यता रुग्णालयात पाठवून निरस्त केल्याखेरीज शंकाविषाचे नावही काढू नये, हे मराठवाड्यात काम करणाऱ्या वैद्याला सांगण्याची गरज पडू नये, तरीही सांगून ठेवतो.) लक्षण खरे, द्रव्य अनुपस्थित, आणि चिकित्सेचा रोख स्मृतीवर, एवढा पाया आपल्याला आयता मिळालेला आहे. त्यावर दुसऱ्या पायरीचे बांधकाम आपणच करावयाचे आहे.

मराठवाड्यात या विषयाचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. हजारो माणसे झोपेत मृत्यू पावली. आदल्या रात्री गणेशविसर्जन झाले होते. मिरवणुका आटोपून, हातापायांचा गुलाल धुऊन माणसे नुकती कुठे झोपली होती. आघात झाला तेव्हा ढोल वाजत नव्हता, गुलाल उधळला जात नव्हता. तरीही त्या भागातून पुढे रोजगारासाठी आपल्या शहरात आलेल्या काही कुटुंबांत भाद्रपद हा आनंदाचा महिना राहिलेला नाही.

अशीच चाळिशीतील एक भगिनी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. राहणार वाळूज परिसरातील वसाहतीत. माहेर औसा तालुक्यातील. दरवर्षी गणपतीच्या दिवसांत छातीत धडधड, द्रवमलप्रवृत्ती, निद्रानाश. हृदयाचा आलेख, थायरॉइडची तपासणी, सर्व काही प्राकृत. वर्षा व शरद यांच्या संधिकाळातील वातपित्तप्रकोप म्हणून तिला ठिकठिकाणी औषधे मिळालेली होती आणि ऋतू सरला की लक्षणेही सरत असल्यामुळे प्रत्येक औषधाला यशही मिळालेले होते! भूकंपाचा उल्लेख तिने केला तो तिसऱ्या भेटीत, तोही मी माहेरच्या घराबद्दल विचारले म्हणून. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

तिच्या लक्षणांचे उद्बोधक विषय एकेक करून लिहून काढले तेव्हा चित्र असे दिसले. ढोलताशाचा आवाज ही पहिली कडी. विसर्जनाची रात्र आणि तो विनाश यांना जोडणारी. झेंडूच्या माळांचा आणि गुलालाचा वास ही दुसरी कडी. पण तिची ओळख बालपणीची, आघाताच्या कितीतरी आधीची, आनंदाच्या वर्षांतली. तिसरी गोष्ट विचित्र होती. मांडवाचे बांबू टेम्पोतून खाली टाकतानाचा आवाज तिला सहन होत नसे, आणि तो भाद्रपदातच नव्हे तर डिसेंबरात शेजारच्या इमारतीला पराती बांधताना ऐकू आला तरी छाती धडधडत असे. माहेरच्या गावी मांडव मारुतीच्या देवळात, आयत्या ओट्यावर असे. बांबूंचा प्रश्नच नव्हता. लग्नानंतर येथे आल्यावर मात्र मंडळाचा मांडव तिच्या खिडकीखाली पडू लागला, बांबू पडले की दोन दिवसांत ढोल सुरू होई. ही कडी भूकंपानंतर दहाबारा वर्षांनी आणि भूकंपस्थळापासून सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर जोडली गेलेली होती.

सत्त्वावजयाच्या मार्गाने, घाई न करता, ढोलाच्या आवाजाशी तिचा परिचय पुन्हा करून देण्यात आला. प्रथम दूरवरून, दिवसा, मुलीच्या लेझीम पथकाच्या सरावाला जाऊन. जोडीला शिरोधारा आणि मेध्य द्रव्ये होती. दोन वर्षांत ढोल सुसह्य झाला, आणि गुलाल व झेंडू यांच्याबद्दल काहीच न करता त्यांचा त्रासही मावळला. बांबूंचा आवाज तसाच राहिला. त्यासाठी निराळे प्रयत्न करावे लागले. एका रुग्णावरून सिद्धांत मांडू नये हे मी जाणतो, आणि शिरोधारेचा वाटा किती व परिचयाचा किती हेही यातून ठरत नाही. परंतु ‘मूळ हेतू गेला की सर्व गेले’ या आपल्या निदानपरिवर्जनाच्या सूत्राला येथे पुरवणीची आवश्यकता आहे, एवढे मी निःसंकोचपणे म्हणेन. बांबूंचा प्रश्न न विचारता तिला ‘बरी झाली’ म्हणून सोडले असते, तर डिसेंबरातील धडधडीला पुन्हा नवा आलेख, नवे निदान आणि नवी औषधे मिळाली असती. त्यातच २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली, परभणी, नांदेड भागात सकाळी जाणवलेल्या धक्क्यांसारख्या घटना पहिल्या कडीला मधूनमधून बळ देत राहतात, तो भाग निराळाच.

हे झाले इतरांनी निर्माण केलेल्या साखळ्यांबद्दल. आपण स्वतः निर्माण करीत असलेल्या साखळ्यांबद्दल आपल्या वर्तुळात कोणी बोलत नाही. २०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांचा काढा सुचविला आणि तो घरोघरी उकळू लागला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत याच घरांतून माणसे रुग्णालयात गेली व त्यांतील काही परतली नाहीत. सकाळी चुलीवर काढा आणि दूरध्वनीवर वाईट बातमी, हा सहवास कित्येक आठवडे चालला. आजही माझ्याकडे असे रुग्ण येतात की जे क्वाथ या शब्दानेच अस्वस्थ होतात. त्यांपैकी काहींना मसाल्याचा चहाही नकोसा झाला आहे. दालचिनी व सुंठ चहात वर्षानुवर्षे होतीच. ही आघातापूर्वीची कडी होय. काहींना वाफाऱ्याचे भांडे दिसले तरी पुरते. अशा रुग्णांना ‘औषध घेण्यास टाळाटाळ करतो’ असे लिहून मोकळे होणे अन्यायाचे आहे. पंचविध कषायकल्पना आपल्याकडे आहेतच. तीच द्रव्ये फांट किंवा हिम स्वरूपात, अन्यथा घनवटी वा अवलेह म्हणून दिली, तर गंध बदलतो, भांडे बदलते, उकळण्याचा आवाजही नाहीसा होतो. कल्पनेची निवड दोष, बल, काल पाहून करावी हे आपण शिकलो. त्यात रुग्णाच्या स्मृतीचीही भर घालावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

कर्करोगाच्या रुग्णांत ही गोष्ट आणखी तीव्रतेने दिसते. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून केमोथेरपीसाठी रुग्ण आपल्या शहरात येतात, आणि त्यांपैकी अनेक जण तोंडाची चव, अरुची, उत्क्लेश यांसाठी आपल्याकडेही डोकावतात. औषध शरीरात जाण्यापूर्वीच रुग्णालयाच्या वासाने उलटी होणे हे त्यांच्या परिचयाचे असते. थोडे खोदून विचारले की त्यामागची कडी निघते. बसस्थानकावरून नेणारी रिक्षा, सोबत आणलेल्या डब्याची पिशवी, आणि काही दिवसांनी घरी गावाकडे तीच पिशवी खुंटीवर दिसली तरी मळमळ. येथे छर्दीनाशक द्रव्यांची मात्रा वाढवीत जाण्यापेक्षा पिशवी बदलण्याचा सल्ला अधिक स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. मळमळीची इतर कारणे, विशेषतः आंत्रावरोध आणि यकृताचे विकार, आधी तपासली गेली पाहिजेत, हे गृहीत आहे.

या संदर्भात बालरोगचिकित्सा करणाऱ्या बंधुभगिनींसाठी एक निरीक्षण. १९७८ साली इलीन बर्नस्टाइन यांनी दाखविले की केमोथेरपीपूर्वी मुलांना विशिष्ट चवीचे आइस्क्रीम दिले, तर पुढे त्यांना त्या चवीचीच नावड उत्पन्न होते. मूल आइस्क्रीमला दोष देत नाही, त्याला आजाराचे कारणही ठाऊक असते. जीभ मात्र स्वतंत्रपणे आपला निवाडा करते. आपल्याकडे कडू चूर्ण मुलाच्या सर्वांत आवडत्या पदार्थातून देण्याची पद्धत सर्रास आहे. मध, दूध, आणि अलीकडे तर चॉकलेटची पेस्ट. दोन आठवड्यांनी आई तक्रार करते की मूल दूधच पीत नाही, आणि आपण त्यावर अग्निदीपन लिहून देतो. तिसऱ्या आठवड्यात दुधाचा पेलाही नकोसा होतो, त्यात पाणी दिले तरी.

बर्नस्टाइन यांनी १९८७ साली ब्रोबर्ग यांच्यासह यावर एक चतुर उपाय करून पाहिला. जेवण आणि केमोथेरपी यांच्या मधल्या काळात मुलांना एक अनोळखी, तीव्र चवीची गोळी चघळावयास दिली. नावड बरीचशी त्या गोळीवर जाऊन बसली आणि जेवणातले पदार्थ वाचले. अनुपानाच्या निवडीत आपल्याला हे सहज करता येईल. आवडते अन्न अनुपान म्हणून वापरू नये. ज्याची पुढे नावड झाली तरी बालकाच्या पोषणाचे काही बिघडणार नाही, असे एखादे पानक किंवा लेह त्या कामी राखून ठेवावे आणि औषध संपले की तेही बंद करावे.

संघटनेच्या शिबिरांतून वापरल्या जाणाऱ्या रुग्णपत्रकात हेतूच्या रकान्याखाली दोन ओळींची जागा वाढवावी, असे मी सुचवितो. लक्षण नेमके कोणत्या वस्तूच्या, गंधाच्या वा आवाजाच्या सान्निध्यात उसळते, ही एक. आणि त्या वस्तूची ओळख आघातापूर्वीची की नंतरची, ही दुसरी. पहिली ओळ भरण्यास बहुतेकदा दोन भेटी लागतील, कारण रुग्ण अशा गोष्टी आपणहून सांगत नाही. त्याला स्वतःलाच त्या हास्यास्पद वाटतात. दुसरी ओळ भरताना घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस बोलावून घ्यावे. झेंडू केव्हापासून आणि बांबू केव्हापासून, हे बहुधा रुग्णापेक्षा आईला अधिक अचूक आठवते.